एक वळण उशिरा

४ जून

चि. मुंगी,

तुझ्या बाबाचा कॉम्प्युटर खेळ उघडायला इतका वेळ लावतो की तो आत पोचेपर्यंत तू निघून गेलेली असतेस. रविवारी तसंच झालं. तुझा ट्रक नव्हता, तरी तो हेडफोन लावून बसून राहिला. रिकाम्या रस्त्याच्या कडेला आपला ट्रक उभा केला आणि दिवे लुकलुकवत राहिला. मी समोर शेंगा सोलत होते. दाणे सालांच्या ढिगात टाकले आणि सालं पातेल्यात. हे मला पुन्हा बघायचं नाही, म्हणून हे पत्र.

ई-मेलनं येतंय, तरी पत्र आहे. पत्रासारखं वाच, लिफ्टची दारं उघडता उघडता वाचू नकोस. फोन केला असता, पण तो शेजारच्याच खोलीत असतो आणि त्याचे कान शाबूत आहेत.

तो आपलं ड्रायव्हिंग स्कूल तुझ्या हवाली करायच्या बेतात होता आणि तू लिफ्ट दुरुस्तीची नोकरी धरून लांब गेलीस. त्या दिवशी तो काय बोलला ते तुला पाठ असेल. मी उगाळत नाही. त्यानंतर तुम्ही बापलेकींनी एकमेकांना फोन केलेला नाही. रविवारच्या रविवारी त्या खेळात दोन ट्रक मागेपुढे चालवता, तेवढीच काय ती भेट. ती एका जुनाट डिस्कपायी बंद पडावी हे मला मान्य नाही.

दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला एसएसडी बसवा, म्हणजे वेगानं चालणारी नव्या प्रकारची डिस्क, आणि सगळ्यात महाग ती सगळ्यात चांगली. नोकरीभर मी वजनमापं तपासली. या तोंडाचा दुकानदार मी फाटकातून ओळखते. तेव्हा तू सांग. साटा घ्यायची की एनव्हीएमई? एक मोठी की दोन लहान? जुनी डिस्क काढून टाकायची की ठेवायची? कॅबिनेटचं झाकण काढून आतला फोटो घेतलाय, तो सोबत जोडला आहे.

मुद्द्याला धरून उत्तर दे. नीट जेवत जा.

तुझी आत्या

७ जून

प्रिय आत्या,

तू मला एसएसडीबद्दल पत्र लिहिशील असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यांत काढून लिफ्टच्या खड्ड्यात उतरवलं असतं. फोटो छान आलाय. पंखा पुसून काढ, त्यावर उशी भरता येईल इतका कापूस आहे.

मुद्द्याला धरून सांगते. एनव्हीएमई घे. च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, वायर नाही, काही नाही, सरळ बोर्डाच्या खाचेत बसते. वायरीची साटावालीही चालली असती, पण आता किमतीत फारसा फरक नाही आणि बोर्डावर जागा आहे. सगळ्यात वेगवान घेऊ नकोस. तिचा वेग मोजायच्या यंत्राला कळतो, ट्रकला कळत नाही. मधली घे, एक टीबीची. दोन लहान घेशील तर एक दोन खेळांत भरेल आणि तू मला परत पत्र लिहिशील. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं, आणि मग जुनी अडगळीच्या सामानासाठी आतच राहू द्यायची. बोर्डावर दोन खाचा दिसतात, त्यांतल्या वरच्या खाचेत बसव. खोचताना तिरकी धर, मग दाबून स्क्रू लाव. जोर लावू नकोस. म्हणजे तुझ्या हिशेबानं अगदीच लावू नकोस.

हे झालं कॉम्प्युटरचं. आता माझं. मशीन हळू आहे म्हणून बाबा उशिरा येतात हे मला पटत नाही, कारण आल्यावरही ते तसेच असतात. पूर्वी फक्त रस्त्याबद्दल बोलायचे, पण बोलायचे तरी. ओरडायचे, चिडायचे, मी कोपरा कापला की माझ्या सात पिढ्या काढायचे, त्यांत स्वतःची पण. हिवाळ्यात तुमचं इंटरनेट बंद होतं, त्यानंतर सगळं बदललं. आता मी काही विचारलं की गप्प. पुढचं वळण आलं की मागचं उत्तर. मागच्या एका रविवारी विचारलं, जेवलात का? काही नाही. मग घाट लागला, मी विचारलं, ब्रेक तापलेत का तुमचे? तर म्हणाले, "जेवलो." तेही अगदी एका सुरात, कोणीतरी जबरदस्तीनं वाचायला लावल्यासारखं. मी हसले. नंतर लक्षात आलं की हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यांना कंटाळा आलाय, आत्या. किंवा जुना राग परत वर आलाय. तू मध्ये पडून खेळायला बसवत असशील तर बसवू नकोस. मला रविवारची पाळी घ्यायला सांगताहेत, पुढच्या महिन्यापासून मी ती घेईन म्हणते. म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.

आणि तू तिथं का राहतेस? घराला रंग काढलाय म्हणाली होतीस. कसला रंग आहे तो, अजून वाळत नाही?

तुझी मुंगी

११ जून

चि. मुंगी,

पाळी इतक्यात घेऊ नकोस. कारण विचारू नकोस.

एसएसडी आणली, तू सांगितलीस तीच. बसवली. बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, की चालू करायला डिस्कच सापडत नाही. नवी कोरी आहे हे मला समजतं. पण जुनी गेली कुठे? ती जागच्या जागी आहे, वायर घट्ट आहे, हात लावला तर थरथरतेय. कॉम्प्युटरच्या लेखी ती नाहीच.

तुझ्या सूचना पाळल्या आहेत. मात्र एक सांगते. 'वरची खाच' हे मोघम आहे. मी कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं पाडलं होतं आणि पंख्याची बाजू माझ्याकडे घेतली होती. आडव्या वस्तूला वर नसतं. माझ्यापासून लांबची ती वर, असं धरून मी बसवली. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की माप सांगताना कुठून मोजलं तेही सांगा.

तुझा बाबा दारात उभा होता. पडदा बघून तो पुढे आला नाही. भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. तुझी आई गेली तेव्हा तो असा बसला होता. त्यानंतर आज.

खेळ गेला तरी चालेल, तो परत उतरवता येतो असं दुकानदार म्हणाला. पण जुन्या डिस्कवर 'वाक्यं' नावाचा फोल्डर आहे. <u>तो मला हवा आहे.</u> त्याची दुसरी प्रत कुठेही नाही आणि परत करता येण्यासारखी नाही. लगेच कळव. आज पत्रासारखं वाचलं नाहीस तरी चालेल.

आत्या

११ जून

आत्या,

डिस्क गेलेली नाही. घाबरू नका दोघं.

तू खालच्या खाचेत बसवलीस. पुष्कळ बोर्डांवर खालची खाच भरली की डिस्कच्या वायरी जिथं लागतात त्यांतली एकदोन भोकं आपोआप बंद होतात. एकाच दारातून दोघांना जायचं असतं, आणि नवी आली की जुनीला बाहेर उभं करतात. तुझी डिस्क नेमकी त्या बंद भोकात आहे. बाबांना हे आधी सांग, मग पुढचं वाच.

वीज बंद कर. प्लग काढ. नवी पट्टी काढून दुसऱ्या खाचेत लाव, म्हणजे प्रोसेसरच्या मोठ्या पंख्याला जी जवळ आहे ती. कुठून मोजलं ते सांगितलंय. मग चालू कर. कॉम्प्युटरनं नवी डिस्क तयार करू का असं विचारलं तर आधी नाव आणि आकडा बघ. जुनीला काहीही करू द्यायचं नाही, कितीही गोड बोलून विचारलं तरी. प्रत कशी उतरवायची ते खाली ओळीनं लिहिलंय.

वर म्हणजे काय ते मी लिहायला हवं होतं. चूक माझी.

पण 'वाक्यं' म्हणजे काय? तू कधी अधोरेखा देत नाहीस. मी नापास झाले होते तेव्हासुद्धा दिली नव्हतीस.

मुंगी

१३ जून

चि. मुंगी,

डिस्क दिसली. सगळं नवीवर उतरलं. कॉम्प्युटर आता मी चष्मा लावेपर्यंत चालू होतो.

एक तक्रार आहे. खोक्यावर एक टीबी छापलंय आणि कॉम्प्युटर नऊशे एकतीस जीबीच दाखवतो. नोकरीत असते तर या मंडळींच्या तराजूंना सील ठोकलं असतं. हे सरळ सरळ मापात पाप आहे.

ही तक्रार आधी लिहिली, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

हिवाळ्यात इथलं इंटरनेट बंद नव्हतं. मी खोटं सांगितलं. तुझ्या बाबाच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागलं. गाठ पूर्ण गेली आहे, डॉक्टर समाधानी आहेत. तो जेवतो, फिरतो, माझ्याशी भांडतो. श्वास मानेतल्या भोकातून घेतो, त्यावर सुती रुमाल बांधतो. बोलत नाही. पुढेही बोलणार नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा येतो. एकदा लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. माझ्या घराला रंग बिंग काही काढलेला नाही. मी इथं राहते ती यासाठी.

तुला सांगायचं नाही असं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी कारण विचारलं. त्यानं पाटीवर लिहिलं, "ती माझ्या बोलण्यानं गेली. माझ्या न बोलण्यानं परत यायला नको." तू नोकरी सोडून धावत येशील ही त्याची भीती आहे. गाठीची एवढी भीती त्याला वाटलेली मी पाहिली नाही.

आता वाक्यांचं. ऑपरेशनच्या आधी, बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की आवाज आहे तोवर नेहमीची वाक्यं बोलून ठेवा, पुढे बटण दाबून वाजवता येतील. नमुन्यादाखल यादी दिली. पाणी द्या. दुखतंय. डॉक्टरांना बोलवा. तुझ्या बाबानं ती घडी करून टेबलाच्या हलत्या पायाखाली सरकवली. मग माझ्या लुगड्यांच्या कपाटात डोकं घालून, तिथं आवाज घुमत नाही म्हणे, तो जे बोलला ते मी बाहेर उभी राहून ऐकलं. आरसा बघ. गिअर उतरव. घाई नको, मागचा बघेल त्याचं तो. डावीकडे घे. छान घेतलंस वळण. हं, बोल. जेवलो. तू जेवलीस का? हो. नाही. हो.

मी म्हटलं, अरे, घरात लागतील अशी चार तरी बोल. कपाटातून डोकं बाहेर न काढता म्हणाला, "घरात तू आहेस. तुला न बोलता कळतं. तिला कुठं कळतं?"

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

एकेका बटणाला एकेक वाक्य लावून तो तुझ्याशी बोलत होता. तुला कळू नये इतकी तयारी त्यानं केली होती. फक्त डिस्क जुनी आहे हे त्याच्या हिशेबात नव्हतं. खेळ त्याच डिस्कवरून रस्ता वाचत असतो आणि वाक्यही तिच्यावरूनच यायचं. डिस्क आधी रस्ता वाचते, मग तुझं उत्तर. म्हणून तुला त्याचं 'जेवलो' घाटात ऐकू आलं. मुंगी, त्याला कंटाळा नव्हता आला. त्याचं उत्तर रांगेत उभं असायचं.

सगळ्यात महाग एसएसडी घेऊ नकोस असं तू म्हणालीस आणि मी ऐकलं. पण दुकानात मी जवळपास तीच उचलली होती, ती का हे आता तुला कळेल.

मी शब्द मोडला आहे. त्याचं काय ते मी बघून घेईन. तू रडून झाल्यावर तोंड धू आणि जेव. पाळीचं काय ठरवतेस ते कळव.

तुझी आत्या

३० जून

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण दर वेळी पहिल्या ओळीतच अडत होते. तुझ्यावर चिडलेही होते. पहिले चार मसुदे तुला शिव्या देणारे आहेत, ते पाठवत नाही.

पाळी घेतली नाही. मुकादमाला सांगितलं, रविवारी मला ट्रक चालवायचा असतो. तो म्हणाला जोडधंदा करतेस का? मी हो म्हटलं.

तुझ्या तक्रारीचं आधी. खोकेवाला दहाच्या पाढ्यानं मोजतो आणि कॉम्प्युटर दोनाच्या. माल तेवढाच आहे, मापं दोन आहेत. सील ठोकायचं तर दोघांनाही ठोकावं लागेल.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा माझ्याआधी येऊन थांबले होते. हे पहिल्यांदाच. मला कळलंय हे मी दाखवलं नाही. मी असं ठरवलं की ज्यांची उत्तरं त्यांच्याकडे आहेत तेवढंच विचारायचं. तुझ्या पत्रातली वाक्यं कागदावर लिहून समोर चिकटवली होती. जेवलात का, विचारलं. लगेच आलं, "जेवलो. तू जेवलीस का?" आत्या, लगेच. माझं वाक्य संपतंय न संपतंय तोवर. मग मी मुद्दाम कोपरा कापला, "आरसा बघ" ऐकायला. मग एक वळण अगदी सावकाश, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे आणतात तसं घेतलं, आणि वाट बघितली. आलं. "छान घेतलंस वळण." हे त्यांनी मला खऱ्या गाडीत कधीच म्हटलं नव्हतं. ते वाक्य वाजवायची संधी मी त्यांना आधी दिली नव्हती, की दिली तेव्हा ते उशिरा पोचायचं, देव जाणे.

पुढच्या रविवारीही तसंच. मग परवाच्या रविवारी मी घसरले. पुलावर दोघं शेजारी उभे होतो, टोलची पावती फाडायला. माझ्या तोंडून निघून गेलं, बाबा, दुखतं का आता?

याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मग ट्रकचे दिवे बंद झाले. मग खेळातल्या चौकटीत एकेक अक्षर उमटायला लागलं. "ताईनं सांगितलं." मी म्हटलं, हो. "शहाणीच आहे." मी म्हटलं, मी नोकरी सोडत नाही, बाबा. ऑगस्टमध्ये रजा घेऊन येते आणि रजा संपली की परत जाते. तिकीट काढलंय. त्यावर त्यांनी "हो" वाजवलं. मग परत "हो". दोन्ही वेगवेगळे आहेत ना गं? एक जरा लांब आहे. ते त्यांनी कशासाठी बोलून ठेवलं असेल, असा मी विचार करत राहिले.

मग मी म्हटलं, जी वाक्यं बोलून ठेवायची राहिली ती लिहून पाठवा, मी बोलते. तुमचा आवाज नाही माझ्याकडे, पण लोक म्हणतात माझा खोकला अगदी तुमच्यासारखा आहे. खेळ बंद करेपर्यंत यादी आलेली होती. बहुतेक रस्त्याचीच आहेत. थांब, चाक बघतो. मी पुढे होऊ का? हॉर्न कमी वाजव, लोक झोपलेत. एक आहे "अक्कल गहाण ठेवलीस का", ते मी मनापासून बोलले.

एक वाक्य रस्त्याचं नाही. ते माझ्यासाठी आहे आणि मलाच बोलायचं होतं. पांघरूण डोक्यावर घेऊन बोलले. एकदा नीट झालं नाही, म्हणून परत बोलले.

सगळं एका छोट्या एसएसडीवर घालून कुरिअरनं पाठवतेय. दुसरी खाच रिकामी आहे ना. डिस्कची वायर आधी दुसऱ्या भोकात हलव, नाहीतर परत भिंतीशी बसायची वेळ येईल. एवढ्याशा फायलींना वेगळी पट्टी लागत नाही हे मला माहीत आहे. लागत नाही तरी पाठवतेय. त्यांची वाक्यं कशाच्याही मागे रांगेत उभी राहायला नकोत.

तुझी मुंगी

५ जुलै

चि. मुंगी,

पार्सल पोचलं. तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या पट्टीची गरज नव्हती, हे आता मलाही समजतं. बरं केलंस.

मी शब्द मोडला म्हणून तुझ्या बाबानं माझी जी हजेरी पाटीवर घेतली ती इथं देत नाही. दोन खडू मोडले. मग चहा करून आणला, त्यात साखर विसरला, ती माझी शिक्षा समजून मी पिऊन टाकला.

वायर आधी हलवली. पट्टी त्यानं स्वतः बसवली, मला दिवा धरायला लावलं. तुझा आवाज त्याच्या बटणांना लावायचं कामही त्यानंच केलं. "अक्कल गहाण" त्यानं तीनतीनदा वाजवलं आणि खांदे हलवून हसला. हसायला आवाज लागत नाही, हे मी या घरात शिकले.

शेवटचं वाक्य त्यानं हेडफोन लावून ऐकलं. मी विचारलं, लिहिलंस ते तसंच आलंय का? त्यानं हेडफोन काढून माझ्या कानांना लावले. म्हणून मला ते माहीत आहे. एरवी मी ऐकलं नसतं.

ऑगस्टात येशील तेव्हा पावसात नेहमीसारखी छत्री न घेता येऊ नकोस. दिलेल्या वस्तूंची नोंद खाली केली आहे. सवय जात नाही.

तुझी आत्या

ताबेपावती

देणार: मुलगी, कुरिअरमार्फत. घेणार: वडील. साक्षीदार: घेणाऱ्याची थोरली बहीण.

वस्तू: एसएसडी एक, लहान, नवी, खोक्यासह. माप खोक्यावरच्यापेक्षा कमी दिसतं. तक्रार नाही.

तीवरील ऐवज: वाक्यं, रस्त्यावर उपयोगी पडणारी, मुलीच्या आवाजात. सगळी वाजवून तपासली, चालू स्थितीत.

तसंच वाक्य एक, रस्त्याशी संबंध नसलेलं: "गेलीस ते बरोबर केलंस. मी बोललो ते चुकलं." याच्या प्रती दोन आढळल्या. पहिलीत आवाज मध्येच फुटला आहे. दुसरी स्वच्छ आहे.

यादीत एकच प्रत मागितलेली असल्यानं फुटलेली काढून टाकायची का, असं घेणाऱ्यास विचारलं. घेणाऱ्यानं मान हलवून नकार दिला, आणि सही केली.